पडसं, पडोसी आणि दोन रेघा

मित्रांनो, मी एक जुनी टेस्टची पट्टी आहे. कोविड झालाय की नुसतीच सर्दी, हे घरबसल्या सांगणारी. बोटाएवढी लांब, पांढरी, प्लॅस्टिकच्या अंगरख्यात बसवलेली. सध्या माझा मुक्काम दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरातल्या एका सरकारी क्वार्टरच्या मागच्या बाल्कनीत, कूलरच्या पाठीमागे आहे. शेजारी कबुतराची पिसं आणि कपड्यांचा एक तुटका चिमटा आहे. कोणाला अभिमानाने सांगावा असा हा पत्ता नाही, हे मला ठाऊक आहे. पण इथून एका खोलीची खिडकी दिसते. त्या खिडकीतून मी जे पाहिलं ते आठवलं, की आजही माझ्या कागदी अंगावर काटा येतो.

माझा जन्म गाझियाबादच्या बाजूला एका कारखान्यात झाला. तिथल्या खोलीत हवेतला ओलावा पार शोषून घेतलेला असे. आम्हाला दमटपणा सोसत नाही ना, म्हणून. तिथे काम करणाऱ्या बायकांचे ओठ भर पावसाळ्यातही फुटलेले असत. एका यंत्राने माझ्या अंगावर दोन रेघा ओढल्या, एक सी ची आणि एक टी ची. पण गंमत अशी की दोन्ही कोणाला दिसत नव्हत्या. नव्याने कामाला लागलेली एक मुलगी मला उजेडात धरून म्हणाली, "दीदी, इसपे तो कुछ है ही नहीं." तिची दीदी हसून म्हणाली, "दिखेगा नहीं, पर है."

मित्रांनो, जन्माला आल्यावर मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी थक्कच झाले. माझ्या अंगावर काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते मलाही वाचता येत नव्हतं! पुढे कळलं, की सी ची रेघ उमटली तर पट्टी धडधाकट आहे असं समजायचं. आणि टी ची रेघ उमटते ती विषाणू सापडला तरच. डोळ्यांना न दिसणारा तो विषाणू, न दिसणाऱ्या रेघेला अडखळणार आणि मग दोघंही दिसू लागणार. ज्याच्या कोणाच्या डोक्यातून ही युक्ती निघाली, त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

मग मला चकचकीत पाकिटात बंद केलं. सोबतीला ओलावा शोषणारी एक पुडी होती. ती जन्माची अबोल. शेजारच्या पाकिटात माझी जुळी बहीण होती. एका डब्यात आम्ही दोघी, नाकात फिरवायच्या दोन काड्या, औषधाच्या पाण्याच्या दोन नळ्या आणि घडी घातलेला एक माहितीचा कागद, एवढा आमचा संसार.

सरोजिनी नगर मार्केटमधल्या एका औषधाच्या दुकानात आमची रवानगी झाली. आमच्या थोरल्या बहिणींचा काळ फार वैभवाचा होता म्हणे. त्यांच्यासाठी लोक रांगा लावत, हातापाया पडत. आमच्या वाट्याला आली ती सगळ्यात वरची फळी, कॅल्शियमच्या गोळ्यांच्या मागची. खाली गिऱ्हाइकांची झुंबड असे. कोणी शिंकत येई, कोणी खोकत. "प्रदूषण का खाँसी है भैया, कुछ दे दो," म्हणे आणि कफाचं औषध घेऊन जाई. आमच्याकडे मान वर करून पाहायला कोणाला फुरसत नव्हती. खोटं कशाला बोलू, मला थोडा राग यायचा.

एके दिवशी एका बाईचा आवाज आला, "भैया, कोविड की टेस्ट किट है क्या?"

दुकानदार हसला. "मैडम, अब कौन करता है ये टेस्ट? जुकाम है तो भाप लीजिए."

"आप दे दीजिए. हमारे घर में लगती है."

त्याने आमच्यावरची धूळ फुंकरीने उडवली. बाईने डब्यावरची तारीख दोनदा वाचली आणि मगच पैसे दिले. तिचं नाव दीपमाला. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आता ती आमची मालकीण झाली होती.

टीव्हीखालच्या खणात थर्मामीटरच्या शेजारी आमची जागा ठरली. पाकिटातून मला दिसत काहीच नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं. ऐकून ऐकूनच मी ते घर ओळखू लागले. कुटुंब मूळचं वर्ध्याचं. दीपमालाचे यजमान बुद्धभूषण हेही सरकारी अधिकारी. त्यांची मुलगी अक्षया तिसरीत. तिचा जन्म दिल्लीचा, त्यामुळे तिच्या मराठीला जागोजागी हिंदीची ठिगळं. "मम्मी यार, माझे मोजे भेटत नाहीयेत!" असा तिचा रोजचा सकाळचा गजर. आणि वर्ध्याहून फोनवर येणारा एक खणखणीत आवाज होता, गंगुबाईंचा. बुद्धभूषण यांची आई. आयुष्यभर अंगणवाडी चालवलेली बाई. तिला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं.

आता या घराला माझी गरज का लागावी, ते सांगते. बुद्धभूषण यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तेव्हा गंगुबाईंनी आपली एक किडनी मुलाला दिली. ऐकलंत ना? स्वतःच्या पोटातली काढून दिली! वर म्हणतात कशा, "माझी पोर सासरी दिली, दुसरं काय." तेव्हापासून फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय रे भूषण, माझी पोर नांदतेय ना नीट?" बुद्धभूषण हसत आणि म्हणत, "नांदतेय आई, खुशाल आहे."

"मम्मी, नांदतेय म्हणजे?" अक्षया विचारी.

"म्हणजे... सासरी सुखाने राहतेय," दीपमाला घाईत सांगे. अक्षया "अच्छा" म्हणे आणि विसरून जाई.

दुसऱ्याची किडनी शरीराने परकी मानून हाकलून देऊ नये म्हणून बुद्धभूषण यांना जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांनी अंगातले पहारेकरी झोपवून ठेवलेले असतात. म्हणजे पाहुणीला कोणी त्रास देत नाही खरं, पण चोराचंही फावतं. आपल्याला जी सर्दी दोन रुमालांत संपते, ती त्यांना थेट दवाखान्यात नेऊ शकते. म्हणून दीपमालाने घरात एक नियम केला होता. ज्याचं नाक वाहील, घसा दुखेल, त्याने मास्क लावायचा, टेस्ट करायची आणि तोवर पप्पांच्या खोलीत जायचं नाही. नियम पंतप्रधानांनाही लागू, असं ती म्हणायची.

ऑपरेशननंतर गंगुबाई वर्ध्याला गेल्या त्या गेल्या. त्यांनी मुलाला वर्षभर पाहिलं नव्हतं. हिवाळ्यात त्यांनी दिल्लीचं तिकीट काढलं, तसं घराला उधाण आलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, तो अक्षयाने घेतला. फोनच्या भोंग्यातून त्यांचा आवाज खणात माझ्यापर्यंत येत होता.

"अक्षू, मम्मीला सांग, मला पडसं झालंय म्हणून. येऊ का नको, विचार."

"मम्मी!" अक्षया तिथूनच ओरडली. "आजीकडे पडोसी आलेत. ती विचारतेय, येऊ का नको?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी चालली होती. "अगं, पडोसी आले तर आले!" दीपमाला म्हणाली. "त्यांना चहा पाजून वाटेला लाव म्हणावं आणि गाडीत बस. पप्पा किती वाट पाहतायत!"

"आजी, मम्मी म्हणते बिल्कुल ये," अक्षयाने निरोप पोचवला आणि फोन ठेवला.

मित्रांनो, मी खणात होते. तो शब्द मी स्वच्छ ऐकला होता. पण पट्टीला तोंड कुठे असतं? तिला बोलता येतं ते एकदाच, तेही कोणी विचारलं तर.

गाडी धुक्यात अडकत अडकत आली. गंगुबाई दारात उभ्या राहिल्या त्या संत्र्यांची टोपली घेऊन. बुद्धभूषण त्या वेळी मागच्या खोलीत होते. दुपारच्या गोळ्या घेऊन नुकतेच आडवे झाले होते. गंगुबाईंनी पिशव्या टाकल्या आणि हातपाय धुवायलाही न थांबता तिकडे निघाल्या.

"कुठे आहे माझा भूषण?" एवढं म्हणाल्या आणि दणदणीत शिंकल्या.

"आई?" दीपमाला चपापली. "सर्दी झालीय का तुम्हाला?"

"झालीय म्हणजे? मी फोन करून सांगितलं की अक्षूजवळ, पडसं झालंय म्हणून. तूच म्हणालीस ना, बिल्कुल ये?"

"पडोसी म्हणाली होतीस ना तू आजी," अक्षया गोंधळून म्हणाली. "मग पडोसी कुठेयत?"

मग गंगुबाईंना हसू फुटलं. हसता हसता खोकला आला. "अगं माझ्या राणी! पडसं म्हणजे जुकाम गं, जुकाम!" दीपमालाला मात्र हसू आलं नाही. ती धावत जाऊन मागच्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. तिच्या पायांचा आवाज मी ऐकला.

"आई, आधी टेस्ट करू या. प्लीज."

खण उघडला. डबा उघडला. हात माझ्यावरून गेला आणि माझ्या बहिणीचं पाकीट फाटलं. मी कान देऊन ऐकत होते. गंगुबाई कुरकुरत होत्या, "नाकात काड्या घालता काय गं म्हातारीच्या." मग सगळे वाट पाहत बसले. पंधरा मिनिटं. घड्याळाच्या टिकटिकीत मला एवढंच कळत होतं, की बाहेर माझी बहीण आपलं सबंध आयुष्य जगते आहे.

"एकच रेघ," दीपमाला म्हणाली. तिचा श्वास सुटलेला मी ऐकला. "फक्त सी. निगेटिव्ह!"

"बघ! नुसतं पडसं. गाडीतल्या एसीने झालं असेल," गंगुबाई म्हणाल्या. खुर्ची सरकली. त्या उठल्या होत्या. दाराच्या पलीकडून बुद्धभूषण यांचा आवाज आला, "आई, ये ना गं!"

आणि मला आठवला तो कागद. आमच्यासोबत डब्यात घडी घालून ठेवलेला, जो सहसा कोणी उलगडत नाही. दीपमाला तो उलगडत होती. बारीक अक्षरं वाचताना तिचा आवाज मंदावत गेला.

"आई, थांबा. यात लिहिलंय, लक्षणं असतील तर एका टेस्टवर भरवसा ठेवायचा नाही. सुरुवातीला विषाणू थोडा असला, तर पट्टीला सापडत नाही. दोन दिवसांनी परत करायची."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन दिवस त्यांच्या खोलीत नाही जायचं."

गंगुबाई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"दीपा, मी त्याला नऊ महिने पोटात ठेवलं. पोटातलं काढून दिलं. आणि आता त्याला हात लावायला मी या कागदाच्या तुकड्याला विचारू? तोही एकदा 'जा' म्हणाला तरी तू 'नको' म्हणतेस?"

"आई..." दीपमाला म्हणाली. "मलाही कुठे बरं वाटतंय? पण तुम्ही दिलेलं सांभाळायचं काम माझ्याकडे आलंय. ते गेलं तर मी दुसरं कुठून आणू?"

"मग मी परतच जाते कशी. टोपली ठेवा संत्र्यांची."

पिशवीची चेन ओढल्याचा आवाज झाला. दाराआडून बुद्धभूषण म्हणाले, "आई, तुझी पोर सासरी नांदतेय गं. तिच्यासाठी थांब दोन दिवस. मी कुठे पळून जातोय?"

मग प्लॅस्टिकचं स्टूल फरशीवरून सरकत गेल्याचा आवाज आला. गंगुबाईंनी ते त्या बंद दारासमोर नेलं, दारापासून चांगलं लांब ठेवलं आणि मास्क चढवून त्यावर बसल्या. "बरं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "भूषण, मी इथेच आहे रे."

मला जगातल्या पुष्कळ गोष्टींचं नवल वाटतं. माझ्या अंगावरच्या न दिसणाऱ्या रेघांचं तर वाटतंच. पण एवढ्या हट्टी बाईने आपला हट्ट असा गिळून स्टुलावर बसावं, याचं मला जेवढं नवल वाटलं तेवढं कशाचंच वाटलं नव्हतं.

मग दाराच्या अल्याड-पल्याड गप्पा सुरू झाल्या. अंगणवाडीतली पोरं, वर्ध्याचं ऊन, कोणाचं लग्न जमलं, कोणाचं मोडलं. मध्येच शिंक यायची. दीपमालाने सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. दिल्लीच्या हिवाळ्यात खिडकी उघडायची म्हणजे एक आजार बाहेर घालवून दुसरा आत बोलवायचा, पण इलाज नव्हता. रात्री गंगुबाई अक्षयाच्या खोलीत एकट्या झोपत आणि सकाळी पुन्हा स्टुलावर येत. सर्दी उतरत चालली होती. ताप नव्हता. त्या म्हणू लागल्या, "बघ दीपा, उगाच घाबरलीस. उद्या कशाला पुन्हा ती काडी?" दीपमालाही जरा सैलावली होती. बाजारात आमच्यासारखी दुसरी पट्टी मिळेलच असं नाही, ही उरलेली एक पुढच्या वेळेसाठी राहू द्यावी का, असं ती नवऱ्याला विचारताना मी ऐकलं. मी पाकिटात घाबरून गेले. पुढच्या वेळेसाठी! आणि ही वेळ?

तिसऱ्या दिवशी दुपारी गंगुबाई एक संत्रं सोलत होत्या. फोडी वाटीत टाकता टाकता म्हणाल्या, "यंदाच्या संत्र्यांना मेलं वासच नाही. खत जास्त घालतात बापा आजकाल."

"काय बोलतेस आजी," अक्षया लांबूनच म्हणाली. "पूरा घर महकतंय! मला तर इथपर्यंत येतोय वास."

साल टाकायला उठलेली दीपमाला जागच्या जागी थांबली. तिने गंगुबाईंकडे पाहिलं असावं. कारण गंगुबाईंनी साल नाकाशी नेऊन जोराने हुंगल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. मग त्या आपणहून म्हणाल्या, "दीपा, काढ गं ती दुसरी पट्टी."

आणि माझं पाकीट फाटलं.

मित्रांनो, उजेड! गाझियाबाद सोडल्यानंतर मी पहिल्यांदा उजेड पाहिला. आणि पहिलं जे दिसलं ते गंगुबाईंचं लालबुंद नाक. इतके दिवस जिचा नुसता आवाज ऐकला ती बाई अशी दिसते तर! ठेंगणी, पांढरे केस, कपाळ मोकळं, मास्क हनुवटीवर आणि डोळे मात्र लहान मुलासारखे टक लावून माझ्याकडे लागलेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची. खाली अक्षया मास्कच्या आत ओठ चावत उभी होती.

काडी दोन्ही नाकपुड्यांत फिरली, नळीतल्या पाण्यात घुसळली आणि माझ्या अंगावरच्या गोल खळग्यात थेंब पडले. ते थेंब माझ्या अंगातून पुढे सरकू लागले तेव्हा मला काय वाटलं, हे मला नीट सांगता येणार नाही. आजवर जे अंगावर लिहिलेलं होतं आणि मलाच वाचता येत नव्हतं, ते आता वाचलं जाणार होतं. सी ची रेघ उमटली, गडद, ठसठशीत. सगळ्यांनी मान हलवली. ती तर उमटणारच होती.

मग टी च्या जागी काहीतरी झालं. आधी काहीच नव्हतं. मग कोणाचा तरी भास असावा इतकं पुसट गुलाबी. दीपमालाने मला खिडकीशी नेलं, डोळे बारीक केले. मी जीव तोडून उमटत होते. आपल्याला येतं ते एकच काम, आणि ते करायची हीच एक वेळ.

"दिसतेय," अक्षया कुजबुजली. "मम्मी, दुसरी लाइन दिसतेय."

फिकट का होईना, दोन रेघा होत्या. कोविड होता.

गंगुबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या रडतील, चिडतील, मला दूर भिरकावतील असं मला वाटलं. त्यांनी मास्क नाकावर नीट ओढला, स्टूल उचललं आणि दारापासून आणखी मागे सरकवलं. मग दोन्ही हात जोडून माझ्यासमोर मान लववली.

"परवाच आत गेले असते मी," त्या म्हणाल्या. "गळ्यात पडले असते त्याच्या. माझ्याच हाताने माझ्या पोरीचा संसार मोडला असता गं दीपा."

दीपमाला मटकन खाली बसली आणि रडली. लांबच बसली, पण दोघी एकत्र रडल्या. मला कोणी कधी हात जोडेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा मान होता.

त्यानंतर घराने वेळ घालवला नाही. दीपमालाने किडनीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे गंगुबाईंना अक्षयाच्या खोलीत वेगळं ठेवलं, त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. त्यांचीही किडनी एकच होती ना. नव्या पट्ट्या आणल्या गेल्या आणि घरातल्या तिघांची टेस्ट झाली. बुद्धभूषण यांची पट्टी पंधरा मिनिटं झाली तरी एका रेघेवर थांबली. पुन्हा केली, तरी एकच. दारासमोरच्या त्या स्टुलाने त्यांना वाचवलं होतं.

आणि मी? माझं काम झालं होतं. मला पिशवीत घालून, पिशवीचं तोंड घट्ट बांधून बाल्कनीत ठेवलं, सकाळी कचऱ्याच्या गाडीत वेगळी द्यायची म्हणून. पण एका कबुतराने पंख फडफडवले आणि पिशवी कठड्यावरून सुटून या कूलरच्या मागे येऊन पडली. घराला इतक्या गोष्टी होत्या, की मी कोणाच्या लक्षात राहिले नाही. एकदा मान मिळाला, मग अडगळ. पण मला त्याचं दुःख नाही. उलट मी म्हणते, बरं झालं. कारण बुद्धभूषण यांच्या खोलीची खिडकी याच बाल्कनीत उघडते.

गंगुबाई बऱ्या झाल्या. त्यांची पट्टी स्वच्छ एका रेघेवर आली, तरी डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत त्या थांबल्या. आता त्यांना थांबायला कोणाला सांगावं लागत नव्हतं. बुद्धभूषण यांच्या नेहमीच्या तपासणीचा रिपोर्टही त्याच सुमारास यायचा होता. तो दीपमालाच्या मोबाइलवर आला तेव्हा अक्षया शेजारीच होती.

"ठीक आहे ना?" बुद्धभूषण यांनी विचारलं.

"एकदम ठीक," दीपमाला म्हणाली. "पहिल्यापेक्षाही छान."

पुढचं ऐकायला अक्षया थांबलीच नाही. ती घरभर धावत सुटली आणि ओरडत गेली, "आजी! आजी! तुझी पोर नांदतेय! मजेत नांदतेय!"

मला पिशवीच्या आतून सगळं धूसर दिसत होतं. पण त्या दिवशी दार उघडलं, गंगुबाई आत आल्या, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग तोच हात त्यांनी त्याच्या पोटावर एका बाजूला हलकेच ठेवला आणि तसाच बराच वेळ राहू दिला, ते मी पाहिलं. अक्षयाने संत्रं सोललं. गंगुबाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आला गं वास."

आता हिवाळा सरला आहे. थोड्याच दिवसांत हा कूलर पुसायला काढतील आणि मी सापडेन. तेव्हा मला गाडीत द्या म्हणावं, खेळायला घेऊ नका. वापरलेल्या पट्टीशी खेळायचं नसतं. तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी खणात पडून असेल. तिची तारीख बघा, तिच्या शेजारचा घडीचा कागद एकदा तरी उलगडा, आणि ती एकदा नाही म्हणाली म्हणून लगेच कोणाच्या गळ्यात पडू नका. तिला अजून एकदा विचारा. आमच्याकडे सांगायला फार थोडं असतं हो, पण ते आम्ही जीव ओतून सांगतो.

आणि मित्रांनो, काल काय झालं ते ऐका. अक्षया शाळेतून आली. दप्तर टाकल्याचा आवाज आला, मागोमाग शिंकेचा. मग तिने वर्ध्याला फोन लावला.

"आजी, ऐक ना. मला पडसं झालंय. पडोसी नाही हां, पडसं. मम्मी ऑफिसातून येताना पट्टी आणतेय. आणि एक लाइन आली तरी दोन दिवसांनी परत करायची, माहितीय मला."

पलीकडून गंगुबाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. त्यांचा खणखणीत आवाज या वेळी फारच हळू होता. फोन ठेवल्यावर प्लॅस्टिकचं स्टूल फरशीवरून सरकत गेलं आणि त्या दारापासून लांब थांबलं.

"पप्पा," अक्षया म्हणाली, "मी इथेच आहे."